कीबोर्डवरून उचललेले हात

अंकुश गेल्याची बातमी मला रेश्माने दिली. सकाळची वेळ होती, मी तळेगावच्या घरी कुकर लावून डबा भरत होते. रेश्मा आमच्या टीममधली, आणि ती एवढ्या सकाळी फोन करते तो कामाचाच असतो, म्हणून मी जरा वैतागूनच उचलला. "ताई, सर गेले," एवढंच ती म्हणाली. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला आजही संकोच वाटतो. मनात आलं की रविवारी त्याच्याकडे कुसगावला जायचंय, त्याने अळूवड्या मागितल्या आहेत, तर अळू आणायला हवा. अन्न फारसं जात नव्हतं त्याला, पण मागायची हौस होती. मग कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

त्याला आता दीड महिना होत आला. अंकुश काही नावाजलेला माणूस नव्हता. सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळणारी माणसं हिंजवडीत पैशाला पासरी मिळतील, आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. मग मी का लिहितेय? आपल्याला उत्तम येणारी गोष्ट सोडून द्यायची, ती दुसऱ्यांना येईपर्यंत कळ काढायची, आणि एक दिवस त्यांचं आपल्यावाचून अडू नये म्हणून झटायचं, हे मी एका माणसाला शिकताना अगदी शेजारून पाहिलं. त्याला ते फार जड गेलं. वरून दिसायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागलो. मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी होती. कुठला ट्रक कुठे पोचला, कुठला माल कुठल्या गोदामात उतरला, असलं सगळं. तो प्रोग्रॅमर, मी टेस्टर. म्हणजे त्याने लिहायचं आणि ते कुठे मोडतं ते मी शोधून दाखवायचं, असा आमचा संबंध. हा संबंध सासू-सुनेपेक्षा बरा असतो असं कुणी म्हणेल, तर मी मान्य करणार नाही. तो टाकवे बुद्रुकचा, शेतकऱ्याचा मुलगा. गावातून कान्हे फाट्यापर्यंत दुधाच्या टेम्पोतून यायचा, तिथून मिळेल त्या गाडीने तळेगाव गाठायचा आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर येऊन बसायचा. शर्ट कडक इस्त्रीचा आणि त्याला मंद दुधाचा वास. मी त्यावरून चिडवलं की म्हणायचा, "तुमच्या चहात पडतं ते कुठनं येतं मग?" त्याचं लिहिलेलं मी परत पाठवलं की तो दिवसभर बोलायचा नाही, आणि संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर मागून हळूच विचारायचा की ते नक्की कुठे फसलं. रागावला की त्याची टाकव्याची भाषा वर यायची. "आसं व्हनारच न्हाई," म्हणायचा, आणि ते झालेलं असायचं.

पण तो लिहायचा मात्र सुंदर. कोड सुंदर असतो म्हणजे काय, ते वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या वाचकांना कसं सांगू… एखादी बाई पोळ्या लाटायला बसते, हात कसलीही घाई न करता चालत असतात आणि बघता बघता दुरडी भरते, तसं त्याच्या शेजारी बसल्यावर वाटायचं. दुसरे लोक अडचण आली की चार ओळी वाढवायचे. हा आधी दहा ओळी काढून टाकायचा आणि मग अडचण आपोआप सुटलेली असायची. त्याला त्यात खरा आनंद व्हायचा. जेवायला उठवलं तर उठायचा नाही. त्या काळात मी त्याला विचारलं असतं की तुला आयुष्यात काय हवंय, तर त्याने स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं असतं, हेच.

मग कंपनीत अजाइल आलं. या शब्दाचा अर्थ चपळ असा आहे, पण आमच्याकडे तो आला बंगळूरहून, चकचकीत बूट घातलेल्या एका प्रशिक्षकाबरोबर. वर्षभराचा बेत आधीच आखायचा आणि शेवटी तोंडघशी पडायचं, त्याऐवजी दोन-दोन आठवड्यांचे टप्पे करायचे, त्यांना स्प्रिंट म्हणायचं. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय ते सांगायचं. भिंतीवर बोर्ड, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, काम झालं की चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकवायची. टप्पा संपला की सगळ्यांनी बसून काय चुकलं ते मोकळेपणी बोलायचं. आम्ही आधी खूप हसलो. उभं राहून बोलायला लावलं म्हणजे शाळेतली शिक्षा आहे काय, असं म्हणालो. नंतर लक्षात आलं की उभं राहिल्यावर माणूस फार थापा मारू शकत नाही. प्रत्येक टीमला एक नेता हवा होता, आणि आमच्या टीममध्ये सगळ्यात चांगला प्रोग्रॅमर अंकुश होता, म्हणून त्याला नेता केलं. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. छान शिकवणाऱ्या मास्तरांना मुख्याध्यापक करायचं आणि त्यांचं शिकवणं बंद पाडायचं.

पहिलं वर्ष आमच्या टीमचा बोर्ड कंपनीत सगळ्यांना दाखवायला नेत. चिठ्ठ्या वेळेवर उजवीकडे जात. वरचे साहेब खूष. मला मात्र काहीतरी खटकत होतं. संध्याकाळी मी एखादी चूक नोंदवून घरी जावं आणि सकाळी ऑफिसात पोचून बघावं तर ती नाहीशी. कुणी दुरुस्त केली विचारलं तर ज्याचं काम तोही गोंधळलेला. टीममधली पोरं हळूहळू सैल पडली होती. अर्धवट काम बोर्डावर पुढे सरकवत होती, कारण ते कसंही करून पुरं होतंच, हे त्यांना कळलं होतं. अंकुशने कंपनीची बस सोडून मोटरसायकल घेतली होती. पहाटे निघून तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात यायचा आणि दुसऱ्यांचं कच्चं काम बसून नीट करायचा. कुणाला एका शब्दाने सांगायचा नाही.

रेश्मा तेव्हा नवीन होती. देहूरोडची, वडील लष्कराच्या डेपोत, घरातली इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. एक दिवस कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली, पोहे मागवले आणि खाल्लेच नाहीत. तिने तिचं महिनाभराचं काम उघडून पाहिलं होतं, आणि त्यातली तिची एक ओळही शिल्लक नव्हती. सगळं सरांनी पुन्हा लिहिलं होतं. "ताई, मला काढणार आहेत का?" तिने विचारलं. "काढणार असतील तर सांगा. मी आपण होऊन जाते. घरी सांगायला तेवढंच बरं पडेल." राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता तिने, फक्त पाठवायचा बाकी होता. मी तिला म्हटलं, थांब, काही पाठवू नकोस, आणि तडक अंकुशकडे गेले. त्याचा चेहरा खरोखर पडला. "अगं, तिला वाईट वाटू नये म्हणून तर मी बोललो नाही," असं तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याला माझं म्हणणं कळतच नव्हतं, आणि मला त्याचं.

मला ते कळलं त्याच्या शेतात. त्या आषाढात त्याने सगळ्या टीमला भातलावणीला टाकव्याला बोलावलं. तिथे लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरी नाही, यजमानाने जेवू घालायचं. आम्ही शहरी मंडळी पॅन्टी दुमडून चिखलात उतरलो, फोटो काढले, रोपं रोवली. काय रोवली ते विचारू नका. ओळी वाकड्यातिकड्या, कुठे रोप वर तरंगतंय, कुठे हातभर जागा मोकळी. अशा मोकळ्या राहिलेल्या जागेला तिकडे नांगी म्हणतात. अंकुशची आई बांधावर उभी राहून सगळ्यांचं कौतुक करत होती. पोटभर जेवून आम्ही निघालो. फाट्यापर्यंत गेल्यावर माझी छत्री राहिल्याचं आठवलं, म्हणून मी एकटी परत फिरले. खाचराजवळ आले तर माय-लेक दोघं चिखलात वाकलेली, आणि आम्ही लावलेली रोपं उपटून पुन्हा नीट लावताहेत, नांग्या भरताहेत. मला पाहून मावशी ओशाळल्या. मी म्हटलं, मावशी, आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं?

"अगं पोरी, सावडीला आल्याली मान्सं तुमी," त्या म्हणाल्या. "तुमचं वाकडं गेलंय म्हनून तोंडावर कसं सांगायचं? आपन मागनं भरून घ्यायचं. पयल्यापासनं आसंच करतो आमी."

त्यात खोटं काही नव्हतं. पाहुण्याचा मान ठेवायची ती रीत होती, आणि मी म्हणेन, सुंदर रीत होती. अंकुश लहानपणापासून बापाच्या मागे हेच करत वाढला होता. चांगला माणूस दुसऱ्याची चूक मागून निस्तरतो आणि तोंडाने काही बोलत नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. त्याने तेच घेऊन ऑफिस गाठलं, आणि तिथे रेश्मा राजीनामा लिहून बसली होती. मी त्याला बांधावर उभं राहून एवढंच म्हटलं की तू पहाटे ऑफिसात जाऊन हेच करतोस. त्याने हातातली रोपं खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत वाकला. मला वाटलं, दुखावला. आठवडाभराने कँटीनच्या रांगेत उभे असताना, दुसराच काही विषय चाललेला असताना, मध्येच म्हणाला, "लोक सावडीला वर्षातनं एकदा येतात, मेघना. रेश्मा रोज येते." आणि ताट घेऊन पुढे गेला.

त्या टप्प्याच्या शेवटच्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं काम मी पहाटे येऊन बदलत होतो, ते चुकलं, आता करणार नाही. मला वाटलं होतं, लोक त्याच्या मोठेपणाने भारावून जातील. तसं काही झालं नाही. दोघंतिघं चिडले. आम्ही काय तुम्हाला शेंबडी पोरं वाटलो का, असं एकाने तोंडावर विचारलं. अंकुशने ऐकून घेतलं. रेश्माने मात्र तो मेल पाठवला नाही, हे मला नंतर कळलं.

पुढचे काही महिने त्याची परीक्षाच होती. तो रोज दुपारी रेश्माशेजारी खुर्ची घेऊन बसायचा. तिने लिहायचं, त्याने बघायचं आणि चुकलं तर तिथल्या तिथे बोलायचं. बोलणंही त्याला जमायचं नाही. आधी घसा खाकरायचा, मग "असं बघ" म्हणायचा, मग पुन्हा थांबायचा. आणि हात… ते सारखे कीबोर्डकडे जायचे. मग त्याने ते मांडीखाली दाबून बसायला सुरुवात केली. चाळिशीला आलेला माणूस, शाळेत हाताची घडी घालून बसवलेल्या पोरासारखा दिसायचा, आणि आम्ही त्याला यथेच्छ हसायचो. अगदीच सहन झालं नाही की उठून पाणी प्यायला जायचा. एकेका दुपारी तो किती पाणी प्यायला असेल, देव जाणे. एक ओळ, जी त्याने डोळे मिटून लिहिली असती, ती तिला सापडेपर्यंत दुपार सरायची. अर्थात आमच्या चिठ्ठ्या रखडल्या. जो बोर्ड लोकांना दाखवायला नेत, त्याच्यासमोर साहेबांनी त्याला उभं करून झाडलं. नेमकं कुणामुळे अडतंय ते सांगा, म्हणाले. त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. टीम शिकतेय, वेळ लागेल, एवढंच सांगितलं. त्या वर्षी त्याची बढती हुकली. त्याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. दोनदा बोलूनही दाखवलं.

मग हळूहळू घडी बसली. रेश्मा हुशार होतीच, तिला फक्त आपलं काम आपलंच राहील याची खात्री हवी होती. बाकीचीही सावरली. अंकुश सकाळच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायचा, कुठे अडलंय, आणि मग थांबायचा. कितीही वेळ शांतता पसरली तरी थांबायचा. नवीन माणसाला ती शांतता खायला उठायची आणि तो शेवटी खरं बोलून टाकायचा. वर्षं गेली, तो अनेक टीमचा प्रमुख झाला, साहेबांच्याही वरच्या लोकांत बसू लागला, आणि त्याचं स्वतः लिहिणं पूर्ण थांबलं. मी एकदा विचारलं, आठवण येते का रे? लगेच म्हणाला, "रोज." पुढे काही बोलला नाही. आपण ज्याला बढती म्हणतो त्यात माणसाचं काय काय जातं, हे त्या एका शब्दात मला कळलं. तो तक्रार करणारा नव्हता, म्हणून मी त्याच्या वतीने इथे करून ठेवते.

त्याच्या बायकोला, सुरेखाला, लोणावळ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी कुसगावात घर घेतलं. पुढे घरून काम सुरू झालं आणि तो तिथलाच झाला. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता भरला की फोन करून मला शिव्या ऐकवायचा, जणू त्या गाड्या मीच पाठवल्या होत्या. दुखणं आलं ते पोटदुखीच्या रूपाने. तपासण्या झाल्या, पुण्याच्या रुग्णालयात खेपा सुरू झाल्या, आणि कर्करोग पुढे गेलेला आहे हे डॉक्टरांनी सांगितलं. हे लपवायचं, जवळच्यांना तेवढं सांगायचं, अशी आपल्याकडे पद्धत. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत, रोज जसं काल काय आणि आज काय सांगतात तसं सांगितलं. मला कर्करोग झालाय, म्हणाला, आणि आजपासून माझं काम रेश्मा बघेल. त्या दिवशी शांतता त्याला मोडावी लागली. "चला, पुढचा कोण?" असं त्यानेच विचारलं.

रेश्माच्या हातात तेव्हा आमचं सगळ्यात मोठं काम आलं होतं, एका ग्राहकाची सगळी गोदामं नव्या सॉफ्टवेअरवर न्यायची. अंकुश घरून माइक बंद ठेवून रोज सकाळची बैठक ऐकायचा. सुरेखा म्हणायची की हे पडद्याकडे बघून एकटेच पुटपुटतात, कीर्तन ऐकताना माना डोलावतात तशी मान हलवतात. मी दर रविवारी जायचे. एका रविवारी सुरेखाने मला दारातच थोपवलं. म्हणाली, मेघनाताई, परवापासून यांना झोप नाही, औषधानेही नाही, जरा विचारा काय ते. आत तो उशांना टेकून बसलेला, मांडीवर लॅपटॉप. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. त्याने मला दाखवलं. रेश्माने जी रचना केली होती तिच्यात एक भोक होतं. महिन्याच्या शेवटी माल एका गोदामातून निघाला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गोदामात पोचला, तर तो दोन्हीकडे मोजला जाणार होता. छोटी गोष्ट, पण चालू झाल्यावर मोठा घोळ झाला असता. दुरुस्ती त्याच्या डोक्यात तयार होती. त्याला अजून सगळं उघडायची परवानगी होती, त्याने ती गुपचूप करून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन दिवस तो ती न करता बसला होता.

मला त्याचा राग आला, आणि दयाही आली. मी म्हटलं, कर तरी, नाहीतर सांग तरी, हे असं जीव जाळत काय बसलायस? तो म्हणाला, करायचं नाहीये. आणि सांगायला भीती वाटतेय. कसली भीती, मी विचारलं. तिला दिसलं नसेल तर… एवढं म्हणून तो थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याची झोप त्या भोकाने उडालेली नव्हती. आपण गेल्यावर ही माणसं स्वतःच्या पायावर उभी राहतील की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर वाईट आलं तर ते सुधारायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. मीच रेश्माला फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने घसा खाकरला. "असं बघ," म्हणाला, आणि ती महिनाअखेरीची गोष्ट सांगू लागला. वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून रेश्माचा आवाज आला. खोली लहान होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, ते गुरुवारीच दिसलं मला. उद्या घेतोय आम्ही ते काम. तुम्ही जेवलात का?"

त्याने हो म्हणून फोन ठेवला. जेवला नव्हता. तो खिडकीकडे वळला. रविवारच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि त्या दिवशी त्याने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. "तिला ठाऊक होतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. डोळे भरलेले होते आणि तो हसत होता. "लय बरं वाटलं, मेघना. आणि वाईटबी वाटलं." मी त्याचा हात धरून बसले. त्या दुपारी तो झोपला. मी निघताना सुरेखाने खूण करून दाखवलं, चक्क घोरत होता.

त्यानंतर फार दिवस नाही गेले. टाकव्याला नदीकाठी त्याला निरोप दिला. सगळी टीम आली होती, वरचे साहेबही. मावशी अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडणं संपून कोरड्या पडलेल्या. मी जवळ बसले तेव्हा त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि विचारलं, "त्याच्या कामाचं कसं व्हायाचं गं आता? समदं आर्धंच पडलं आसंल." जन्मभर शेत केलेल्या बाईला मुलाच्या मागे पहिली काळजी पडलेल्या कामाची होती. त्याचं काम अर्धं राहिलेलं नाही, हे त्यांना समजेल अशा शब्दांत कसं सांगावं, ते मला तिथे सुचलं नाही. होईल नीट मावशी, असं काहीतरी मी बोलले.

मागच्या आठवड्यात गोदामांचं ते काम चालू झालं. पहिल्याच सकाळी ग्राहकाचा फोन आला की एका गोदामात पावत्या छापल्या जात नाहीत. सगळे रेश्माच्या टेबलाभोवती जमले. कुणीतरी म्हणालं, सर असते तर… टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा पुढे झाला. मॅडम, राहू द्या, मी पटकन करून टाकतो, कुणाला कळायचंही नाही, असं तो म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला. रेश्मा त्याच्याकडे वळली. ती दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"पावत्यांचं काम माझं होतं, ही चूक माझी आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ग्राहकाला मी आत्ता फोन करून तसं सांगते. मग आपण सगळे मिळून बघू." आणि त्या मुलाला म्हणाली, "तू शेजारी बस. मी काय करते ते बघ, आणि चुकले तर लगेच सांग."

तिने खुर्ची ओढली, मुलगा शेजारी बसला, बाकीचे आपापल्या जागी गेले. कुणी घाबरलं नव्हतं. फोन झाला, ग्राहक थोडा बोलला, रेश्माने ऐकून घेतलं आणि काम सुरू झालं. मी माझ्या टेबलाशी उभी राहून सगळी खोली पाहत होते. तिथे अंकुशवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. इतकी वर्षं त्याने जे मागितलं ते हेच होतं, आणि ते त्याला पुरेपूर मिळालं होतं. मला मात्र तो गेलाय हे त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. मी जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकलं आणि पोटभर रडले.